अर्धी वाटी बदलायची, तर सिमेंटची की बिनसिमेंटची?

वस्तीवरच्या आरोग्य शिबिरात साखर आणि बीपीच्या खालोखाल विचारणा होते ती गुडघ्याची. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या आपल्या बायांचे गुडघे लवकर कुरकुरू लागतात, यात नवल काही नाही. उसाच्या लागणीला आणि खुरपणीला दिवसभर उकिडवे बसायचे, डोक्यावर मोळी घेऊन बांध चढायचा आणि घरी आल्यावर पुन्हा चुलीपुढे नाहीतर धुण्याच्या दगडापुढे बसायचे. पन्नाशीच्या आतच जिन्याची पायरी चढताना हात गुडघ्यावर जातो. मग चुन्याचा लेप, तेल, मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी, कुणीतरी सांगितलेले ‘वंगणाचे इंजेक्शन’ असे सगळे करून झाले की शेवटी पुण्याची वाट धरली जाते.

पूर्वी तिथून परत आलेली बाई आम्हाला एवढेच विचारायची, “ताई, वाटी बदलू का नको?” अलीकडे हातात फाइल असते आणि प्रश्न वेगळा असतो. “डॉक्टर म्हणले, पूर्ण नको, अर्धीच वाटी बदलू. सिमेंटची पाहिजे का बिनसिमेंटची, ते घरात विचारून सांगा. आता घरात कोण सांगणार?”

प्रश्न रास्त आहे. घरात कुणी सांगू शकणार नाही, म्हणून या वेळी आरोग्याचे हे पान आम्ही या एकाच प्रश्नाला दिले आहे. घाईत वाचणाऱ्यांसाठी आमचे म्हणणे आधीच सांगतो. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत. त्यांच्यात फरक आहे, पण तो लहान आहे. सिमेंटचा गुडघा म्हणजे गरिबाचा हलका गुडघा नव्हे आणि बिनसिमेंटचा गुडघा म्हणजे जन्मभराची हमी नव्हे. या प्रश्नाच्या आधी विचारायचे तीन प्रश्न मात्र याहून मोठे आहेत आणि नेमके तेच विचारायचे राहून जातात.

अर्धी वाटी म्हणजे नेमके काय?

आपण ‘वाटी बदलली’ म्हणतो, पण पुढची वाटी सहसा तशीच राहते. बदलतो तो हाडांच्या टोकांवरचा पृष्ठभाग. वरून येणारे मांडीचे हाड आणि खालचे नडगीचे हाड यांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. त्याला आपण गादी म्हणतो. ही गादी झिजली की हाडावर हाड घासते आणि दुखते.

गुडघ्याचे तीन कप्पे असतात. एक आतल्या बाजूचा, म्हणजे दुसऱ्या पायाकडचा. दुसरा बाहेरच्या बाजूचा आणि तिसरा पुढे वाटीच्या मागचा. पुष्कळ जणींचा फक्त आतला कप्पा झिजतो. पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले दिसतात ते त्यामुळेच. बाकीचे दोन कप्पे चांगले असतील आणि गुडघ्यातल्या दोऱ्या, म्हणजे लिगामेंट, शाबूत असतील, तर पूर्ण गुडघा बदलण्याचे कारण नसते. आतल्या कप्प्यात वर धातूची एक गोलसर टोपी, खाली धातूची छोटी तबकडी आणि मध्ये टिकाऊ प्लॅस्टिकची चकती बसवतात. यालाच अर्धा किंवा आंशिक गुडघाबदल म्हणतात.

याचे फायदे खरे आहेत. हाड कमी कापले जाते, रक्त कमी जाते, रुग्ण लवकर घरी जातो आणि स्वतःच्या दोऱ्या शाबूत असल्याने गुडघा आपलाच वाटतो. इंग्लंडमध्ये ५२८ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. अर्ध्यांचा पूर्ण गुडघा बदलला, अर्ध्यांचा अर्धा. २०१९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात तिचे पाच वर्षांचे निष्कर्ष आले. दोन्ही गटांना सारखाच आराम पडला होता आणि अर्ध्या गुडघ्याचा एकूण खर्च कमी होता. पण याला दुसरी बाजूही आहे. त्याच देशाच्या नोंदवहीत असे दिसते की, अर्धा गुडघा पुन्हा उघडावा लागण्याचे प्रमाण पूर्ण गुडघ्यापेक्षा जास्त आहे. पुन्हा उघडावे का लागते, याच्या कारणांत एक ठळक कारण आहे बसवलेला भाग सैल होणे. सिमेंट की बिनसिमेंट हा प्रश्न तिथूनच आला.

सिमेंट कसले आणि बिनसिमेंट कसे टिकते?

हे सिमेंट घर बांधायचे नव्हे. दातांच्या कवळीसाठी जे ॲक्रिलिक वापरतात, त्याच जातीचा हा पदार्थ आहे. इंग्लंडमधले सर्जन जॉन चार्नली यांनी १९६० च्या सुमारास खुब्याच्या सांध्यासाठी त्याचा वापर रूढ केला. ऑपरेशन थिएटरमध्ये पावडर आणि द्रव एकत्र कालवतात. मिश्रण आधी पातळ, मग पिठाच्या गोळ्यासारखे होते, गरम होते आणि दहा-बारा मिनिटांत दगडासारखे घट्ट बसते. ते डिंकासारखे चिकटत नाही. फरशी बसवताना फटी भरतो, तसे ते हाडाच्या बारीक छिद्रांत शिरते आणि तबकडीला पकडून ठेवते. त्यात प्रतिजैविक औषध मिसळता येते, हा त्याचा आणखी एक उपयोग. रुग्ण टेबलावरून उतरतो तेव्हाच त्याची पकड पक्की झालेली असते.

बिनसिमेंटच्या गुडघ्यात धातूच्या हाडाकडच्या बाजूला टायटॅनियमचा सच्छिद्र, खरखरीत थर असतो. त्यावर हायड्रॉक्सिॲपॅटाइट नावाच्या क्षाराचा लेप असतो. आपले हाड ज्या कॅल्शियम-फॉस्फेटच्या क्षाराने बनते, त्याच जातीचा हा क्षार. सर्जन हाडात खाच किंचित अपुरी घेतो आणि भाग ठोकून घट्ट बसवतो, सुताराने खुंटी बसवावी तसा. मग पुढच्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत रुग्णाचे स्वतःचे हाड त्या छिद्रांत वाढते. म्हणजे पहिली पकड ठोकण्याची आणि कायमची पकड हाडाची. हाड जिवंत आणि दणकट असेल तरच हे साधते. पुढचे सगळे मुद्दे या एका वाक्यावर उभे आहेत.

अर्ध्या गुडघ्याची सर्वांत जास्त अभ्यासली गेलेली बनावट ऑक्सफर्डची आहे. जॉन गुडफेलो हे सर्जन आणि जॉन ओ’कॉनर हे अभियंता, या दोघांनी १९७० च्या दशकात ती तयार केली. तिच्यात मधली चकती सरकती असते. बरीच वर्षे ती सिमेंटनेच बसवत. २००० नंतरच्या दशकात तिची बिनसिमेंटची आवृत्ती आली. दोन्हींची तुलना झाली आहे ती मुख्यतः याच बनावटीची. म्हणून इथे सांगितलेले आकडे दुसऱ्या कंपनीच्या, दुसऱ्या घडणीच्या गुडघ्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. तुम्हाला सुचवलेली बनावट कोणती, हे विचारून घ्या.

अभ्यास काय सांगतात?

पहिला अभ्यास छोटा, पण नेटका आहे. हेमंत पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठेक गुडघे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले. एका गटाला सिमेंट, दुसऱ्याला बिनसिमेंट. पाच वर्षांचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांतली माणसे चांगली चालत होती. फरक दिसला तो एक्स-रेवर. सिमेंटच्या गटात खालच्या तबकडीखाली बारीक काळी रेघ बऱ्याच जणांत होती, बिनसिमेंटच्या गटात ती क्वचितच होती. बिनसिमेंटच्या ऑपरेशनला काही मिनिटे कमी लागली, कारण सिमेंट कालवणे, ते घट्ट होण्याची वाट पाहणे आणि कडेला सांडलेले खरवडून काढणे वाचले.

दुसरा अभ्यास मोठा आहे. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये बसवलेल्या सांध्यांची राष्ट्रीय नोंदवही ठेवतात. त्या नोंदवहीतून दहा हजारांहून अधिक अर्धे गुडघे निवडले, वय-वजन वगैरे जुळवून सिमेंट आणि बिनसिमेंट अशा सारख्या जोड्या लावल्या आणि २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. दहा वर्षांनंतर पुन्हा ऑपरेशन न करावे लागलेले गुडघे बिनसिमेंटमध्ये १०० पैकी ९३ होते, सिमेंटमध्ये ९०. सैल झाल्यामुळे पुन्हा उघडावे लागण्याचे प्रमाण सिमेंटमध्ये सुमारे १ टक्का होते, बिनसिमेंटमध्ये त्याच्या निम्म्याहून कमी. उलट, बसवलेल्या भागाजवळ हाड मोडल्यामुळे पुन्हा ऑपरेशन करावे लागण्याचे प्रमाण बिनसिमेंटमध्ये जास्त होते. सिमेंटमध्ये हजारी सुमारे एक, तर बिनसिमेंटमध्ये हजारी सुमारे तीन.

हे आकडे नीट समजून घेऊ या. शंभर बायांचे अर्धे गुडघे बिनसिमेंटने बसवले, तर दहा वर्षांत सिमेंटच्या तुलनेत सुमारे तीन जणींचे दुसरे ऑपरेशन वाचेल. बाकीच्या सत्त्याण्णव जणींना पद्धतीमुळे काही फरक पडणार नाही. तीन जणी म्हणजे थोड्या नव्हेत. ज्या घरात दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च म्हणजे शेताचा तुकडा गहाण टाकणे, तिथे हा फरक महत्त्वाचा आहे. पण कुणी छातीठोकपणे ‘बिनसिमेंट म्हणजे आयुष्यभराची गॅरंटी’ असे सांगत असेल, तर ती जाहिरात आहे. तशी गॅरंटी या आकड्यांत कुठेही नाही.

काळ्या रेघेचे भय

सिमेंटच्या तबकडीखाली दिसणाऱ्या काळ्या रेघेबद्दल थोडे जास्त सांगणे गरजेचे आहे. सिमेंट आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ पदर तयार होतो, तो एक्स-रेवर बारीक काळ्या रेघेसारखा दिसतो. रेघ दोन मिलिमीटरच्या आत असेल, तिच्या कडेला हाडाची पांढरी किनार असेल आणि ती वर्षानुवर्षे वाढत नसेल, तर ती सहसा निरुपद्रवी असते. तिचा अर्थ गुडघा सैल झाला असा होत नाही.

गोंधळ होतो तो इथे. ऑपरेशननंतर काही महिने गुडघा थोडाफार दुखतोच. त्यात एक्स-रेवर रेघ दिसली की दुसरा डॉक्टर म्हणतो, “हे सैल झाले आहे, काढून पूर्ण गुडघा घाला.” चांगला बसलेला गुडघा अशा गैरसमजातून काढला गेल्याची उदाहरणे वैद्यकीय लेखनात आहेत. बिनसिमेंटमध्ये रेघ क्वचित दिसते, त्यामुळे असे चुकीचे निदानही कमी होते. ज्यांच्या पायात आज सिमेंटचा अर्धा गुडघा आहे, त्यांना आमचे सांगणे असे. केवळ रेघ दिसली म्हणून पुन्हा टेबलावर जाऊ नका. ऑपरेशननंतरचा पहिला एक्स-रे जपून ठेवा, नवा त्याच्या शेजारी ठेवून दाखवा आणि अर्ध्या गुडघ्याची नेहमी शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनचे मत घ्या. दुखणे अचानक वाढले, ताप आला, गुडघा लाल होऊन सुजला किंवा जखमेतून पाणी येऊ लागले, तर मात्र एक दिवसही थांबू नका. तो जंतुसंसर्ग असू शकतो.

आपल्या बायांच्या हाडांचे काय?

परदेशातले आकडे वाचताना हा प्रश्न आम्हाला सतत पडतो. बिनसिमेंटची तबकडी बसवताना नडगीच्या हाडात उभी खाच घेऊन भाग ठोकावा लागतो. हाड लहान आणि ठिसूळ असेल तर ठोकताना किंवा पहिल्या काही आठवड्यांत ते उभे तडकू शकते. बुटक्या, लहान चणीच्या बायांमध्ये हा धोका जास्त असतो. तिथल्या बायांची नडगीची हाडे लहान आणि वेगळ्या घडणीची असल्याने जपानमधल्या सर्जनांनी याचा बारकाईने अभ्यास केला आहे.

आता आपल्या वस्तीकडे पाहा. लहानपणापासून अर्धपोटी वाढलेली, चार-पाच बाळंतपणे झालेली, पाळी लवकर गेलेली किंवा तिशी-पस्तिशीतच गर्भपिशवी काढलेली बाई आपल्याकडे दुर्मीळ नाही. ऊसतोडणीला येणाऱ्या बायांत तर पिशवी काढलेल्या कितीतरी भेटतात. पिशवीबरोबर अंडाशयही काढले असेल, तर हाडे लवकर विरळ होतात. शिवाय आपल्यातल्या कितीतरी जणी मिश्री लावतात. तंबाखू ओढा, चघळा नाहीतर दाताला लावा, तिच्यातले निकोटीन रक्तात जातेच आणि हाड भरून यायला अडथळा करते. बिनसिमेंटच्या गुडघ्याची सगळी भिस्त हाड भरून येण्यावर असते, हे वर सांगितलेच आहे.

म्हणून बिनसिमेंट सुचवले गेले तर हाडांची घनता तपासायला सांगा. ड जीवनसत्त्व आणि रक्तातले हिमोग्लोबिन तपासून घ्या, कमी असेल तर आधी भरून काढा. पूर्वी साध्या पडण्याने मनगट किंवा खुबा मोडला असेल, दमा किंवा संधिवातासाठी वर्षानुवर्षे स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या असतील, तर ते सर्जनला न विचारताच सांगा. हाड फार विरळ असेल तर बरेच सर्जन सिमेंटच पसंत करतात. ते बरोबर आहे, त्यात कुणाला कमी लेखणे नाही. आणि कोणतीही पद्धत ठरो, मिश्री ऑपरेशनआधी निदान काही आठवडे बंद करा. पुन्हा सुरू केली नाही तर उत्तमच.

आधीचे तीन प्रश्न

पहिला प्रश्न. ऑपरेशन खरोखर गरजेचे आहे का? मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, वजन उतरवणे, काठी, उकिडव्या कामाला पाट किंवा स्टूल हे उपाय महिनोन्महिने नेटाने करूनही रात्रीची झोप लागत नसेल, रोजचे काम अडत असेल, तरच ऑपरेशनचा विचार करावा. एक्स-रे वाईट दिसतो एवढे कारण पुरत नाही. दुखणे किती आणि काम किती अडते, ते पाहावे.

दुसरा प्रश्न. माझा गुडघा अर्ध्या बदलाला योग्य आहे का? आतल्या कप्प्यात हाडाला हाड लागलेले असले पाहिजे. गादी थोडीच झिजली असताना अर्धा गुडघा बसवला तर अनेकदा दुखणे जात नाही. पुढची मुख्य दोरी शाबूत हवी, बाहेरचा कप्पा चांगला हवा आणि आमवातासारखा सगळ्या सांध्यांचा आजार नको. हे कळायला उभे राहून काढलेला एक्स-रे लागतो. झोपवून काढलेल्या एक्स-रेत गादीची खरी झीज दिसत नाही. इंदापूरकडच्या एका भगिनीने सिमेंट की बिनसिमेंट यावर घरात आठ दिवस वाद घातला. आम्ही तिची फाइल पाहिली तर उभा एक्स-रे काढलेलाच नव्हता. तो काढल्यावर बाहेरचा कप्पाही गेलेला निघाला. तिला अर्धा गुडघा चालणारच नव्हता, मग सिमेंटचा वाद कशाचा?

तिसरा प्रश्न. करणारा हात सरावलेला आहे का? अर्धा गुडघा हे बारीक कसबाचे काम आहे. नोंदवहीच्या अभ्यासांत असे दिसते की, ज्या सर्जनच्या एकूण गुडघेबदलांपैकी निदान पाचवा हिस्सा अर्ध्या गुडघ्यांचा असतो, त्यांचे गुडघे जास्त टिकतात. वर्षाला एखाद-दुसरा करणाऱ्यांचे कमी टिकतात. आमच्या मते, सिमेंट की बिनसिमेंट यापेक्षा हा फरक मोठा आहे. सरावलेल्या हाताने सिमेंटने बसवलेला गुडघा, नवख्या हाताने बिनसिमेंटने ठोकलेल्या गुडघ्यापेक्षा केव्हाही बरा. “वर्षाला असे किती करता?” हे विचारण्यात उद्धटपणा नाही. चांगला डॉक्टर मोकळेपणी सांगतो.

पैशाचा हिशेब

पंतप्रधान असताना अटलबिहारी वाजपेयींचे दोन्ही गुडघे मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलले गेले, एक २००० साली आणि दुसरा २००१ साली. गुडघा बदलतात हे तेव्हा गावोगावी कळले. पुण्याचे डॉ. के. एच. संचेती यांनी आपल्याकडच्या माणसांसाठी ‘इंडस’ हा देशी पूर्ण गुडघा तयार केला. तरीही हे ऑपरेशन सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरच राहिले होते. १६ ऑगस्ट २०१७ रोजी केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या कमाल किमती ठरवल्या. सर्वसाधारण कोबाल्ट-क्रोम धातूचा पूर्ण गुडघा तेव्हा ५४,७२० रुपयांवर आणला गेला, त्याआधी तो सरासरी दीड लाखाच्या पुढे होता. त्याच आदेशानुसार रुग्णालयाने बिलात इम्प्लांटची किंमत, कंपनी, ब्रँड आणि बॅच क्रमांक वेगळा लिहून द्यावा लागतो. अर्धा असो वा पूर्ण, सिमेंट असो वा बिनसिमेंट, हे वेगळे लिहिलेले बिल मागून घ्या. बॅच क्रमांकाचे स्टिकर फाइलमध्ये चिकटवून घ्या. दहा वर्षांनी गुडघा उघडावा लागला तर आत काय आहे, ते त्यावरूनच कळते.

बिनसिमेंटचे इम्प्लांट सहसा महाग पडते. ऑपरेशनचा वेळ आणि सिमेंटचा खर्च वाचतो, पण तेवढ्याने ते भरून निघत नाही. तेव्हा वरचे पैसे किती, हे आधी लेखी घ्या. ते पैसे व्याजाने काढावे लागणार असतील, तर आमचा सल्ला स्पष्ट आहे. सिमेंटचा गुडघा घ्या आणि निश्चिंत राहा. शंभरातल्या नव्वद जणींना दहा वर्षांत पुन्हा ऑपरेशन न लागणारी गोष्ट हलकी नसते. बचत गटाचे कर्ज काढून ‘भारीतला’ गुडघा घालणे आणि मग हप्त्यासाठी सहाव्या आठवड्यात रानात जाणे, यात गुडघाही जातो आणि पैसाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत गुडघेबदलाचा समावेश आहे आणि आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. अर्धा गुडघा बसतो का आणि कोणत्या रुग्णालयात, हे दाखल होण्यापूर्वी आरोग्यमित्राला विचारा. १५५३८८ या क्रमांकावरही चौकशी होते. रेशनकार्ड आणि आधारवरचे नाव जुळते ना, ते आधी पाहा, निम्मी प्रकरणे तिथेच अडतात. योजनेत इम्प्लांटची निवड आपल्या हातात फारशी नसते. तिथे सिमेंटचा गुडघा मिळाला तर मनात किंतु ठेवू नका.

योजनेत जमले नाही तर धर्मादाय रुग्णालयांचा मार्ग आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला तयार ठेवा. ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. पुण्याला जाण्यापूर्वी बारामतीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अस्थिरोग विभागाला दाखवून घ्या. आणि पुण्याचे रुग्णालय निवडाल तेव्हा इंदापूर ते पुणे शंभर किलोमीटरहून जास्त अंतराच्या, तपासणीसाठीच्या चार-पाच खेपा आणि एसटीच्या उंच पायऱ्या हिशेबात धरा.

ऑपरेशननंतर

दोन्ही पद्धतींत रुग्णाला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे करतात. बिनसिमेंट आहे म्हणून महिनाभर पाय टेकवायचा नाही, असे नसते. मात्र हाड धरेपर्यंत उडी, पडणे, जड ओझे आणि बांधावरून घसरणे कटाक्षाने टाळायचे. पहिल्या दोन-तीन महिन्यांत नडगीच्या आतल्या बाजूला अचानक कळ येऊन पाय टेकवेना, तर एक्स-रे काढल्याशिवाय राहू नका. मधुमेह असेल तर साखर ऑपरेशनच्या आधी आणि नंतरही काबूत हवी, नाहीतर जखम चिघळते. व्यायाम चुकवू नका. दुखते म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवून पडून राहिले की गुडघा वाकडाच बसतो, मग सिमेंट काय आणि बिनसिमेंट काय.

विहारात येणाऱ्या आयाबाया हमखास विचारतात, खाली बसून वंदना घेता येईल का? अर्ध्या गुडघ्यात पाय पूर्ण गुडघ्यापेक्षा सहसा जास्त वाकतो आणि काही जणी काही महिन्यांनी मांडी घालून बसतातही. पण सरकती चकती असलेल्या गुडघ्यात पाय फार दुमडून वळवला तर चकती जागेवरून सरकू शकते. जिथे जमिनीवर बसण्याची रीत आहे, त्या आशियाई देशांत हे जास्त दिसले आहे. तेव्हा आपल्या सर्जनला विचारूनच बसा. गुडघे टेकून पंचांग प्रणाम जमत नसेल तर खुर्चीवर बसून हात जोडावेत. आणि विहाराच्या कार्यकर्त्यांना विनंती, दोन सतरंज्यांबरोबर चार खुर्च्याही मांडा. घरी कमोड नसेल तर ऑपरेशनच्या आधी निदान खुर्चीचा कमोड आणून ठेवा.

कागदावर लिहून न्यायचे प्रश्न

डॉक्टरांपुढे गेले की सगळे विसरायला होते. म्हणून हे प्रश्न लेकीला किंवा नातवाला वहीत उतरवायला सांगा आणि वही सोबत न्या.

१. माझा उभ्याचा एक्स-रे पाहिला का? कोणते कप्पे झिजले आहेत?
२. पुढची दोरी शाबूत आहे का?
३. पूर्ण गुडघा न बदलता अर्धा का?
४. वर्षाला असे किती अर्धे गुडघे आपण करता? त्यांतले बिनसिमेंटचे किती?
५. माझ्या हाडाची ताकद तपासली का? माझे हाड ठोकून बसवण्यासारखे आहे का?
६. बनावट कोणती, कंपनी कोणती, चकती सरकती की स्थिर?
७. दोन्ही पद्धतींच्या खर्चात फरक किती? लेखी द्याल का?
८. ठोकताना हाड तडकले तर त्याच वेळी काय कराल, आणि त्याचा खर्च कोणाचा?

राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ साली झालेल्या सुधारणेनुसार रुग्णालयांना दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. ती वाचा, दिसली नाही तर विचारा. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी ते मराठीत समजावून घ्या. दुसरे मत घ्यायला फाइल मागण्याचाही तुम्हाला हक्क आहे.

हे आठ प्रश्न विचारल्यावर कुणी चिडले, घाई केली किंवा “तुम्हाला काय कळतंय त्यातलं” असे म्हणाले, तर तिथून उठा. ज्याने शांतपणे बसून उत्तरे दिली आणि तुमच्या हाडाला जे मानवेल तेच सुचवले, त्याच्याकडे निर्धास्तपणे जा. तो सिमेंटने बसवो की बिनसिमेंटने. प्रश्नांची वही घेऊन एकट्याने जायचा संकोच वाटत असेल तर आम्हाला हाक मारा, आमच्यापैकी कुणीतरी सोबत येईल.

जयभीम.